चाळीस इंच

आमच्या चिरंजीवांच्या कॅलिफोर्नियातल्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा ओढलेल्या होत्या. घर भाड्याचे. भिंतीला खिळा ठोकायचा झाला तरी मालकाची परवानगी हवी. पण या रेघांबद्दल कोणी कोणाला विचारलेले दिसत नव्हते. प्रत्येक रेघेशेजारी तारीख होती आणि सर्वांत वर तांबड्या पेन्सिलीची एक जाड रेघ. तिच्याशेजारी तारीख नव्हती, नुसता ४० चा आकडा होता.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही उभयता नातीला भेटायला प्रथमच अमेरिकेस गेलो, तेव्हाची ही गोष्ट. नात त्या वेळी सव्वाचार वर्षांची होती. रेघा पाहून मला वाटले, पोरीच्या वाढीवर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी सांगितले असावे. आजोबाच तो, त्याच्या मनात पहिल्याने वाईटच यायचे. सूनबाईंना हळूच विचारले, तर त्या हसू लागल्या.

"अहो बाबा, ते डिस्नेलँडसाठी आहे! तिथं डोंगरातून धावणारी एक गाडी आहे. चाळीस इंच उंची भरल्याशिवाय तिच्यात बसू देत नाहीत. वर्षभर हे दर महिन्याला तिला चौकटीला उभी करतायत."

"मग? भरले का चाळीस?"

"गेल्या रविवारी भरले. बूट घालून."

बूट घालून का होईना, चाळीस भरले होते आणि चिरंजीवांनी लगेच तिकिटे काढली होती. मोठ्या माणसाचे एका दिवसाचे तिकीट ११७ डॉलर. मी माझ्या सवयीप्रमाणे त्याला रुपयांनी गुणले. त्या वेळच्या भावाने आठ हजारांच्या घरात गेले. अशी चार, शिवाय नातीचे पाचवे. तीन वर्षांच्या आतले मूल फुकट असते, पण ती संधी केव्हाच टळली होती. मी म्हणालो, "अरे, सव्वाचार वर्षांच्या पोरीला यातलं पुढं काय आठवणार? अगदी लहानपणचं माणसाला आठवत नाही, आणि पाच-सहा वर्षांपर्यंतचंही तुटकतुटकच आठवतं. सात वर्षांची होऊ दे. मग ने."

"नाही बाबा. आत्ताच न्यायचं आहे."

चिरंजीव लहानपणापासून वाद घालणारे नव्हेत. पण तो ज्या आवाजात हे बोलला तो ऐकून मी गप्प बसलो.

फ्रीमाँटहून अ‍ॅनाहाइम पावणेचारशे मैलांच्या आसपास आहे. मोटार दिवसभर दक्षिणेकडे धावत होती. दोन्ही बाजूंना बदामांच्या बागा, मधेच गुरांच्या प्रचंड गोठ्यांचा वास, मग उघडेबोडके पिवळे डोंगर. सौभाग्यवतींनी तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचे लोणचे आणि बेसनाचे लाडू असा सरंजाम बरोबर घेतला होता. नात मागच्या आसनावर पट्ट्यांनी जखडलेली, आणि दर अर्ध्या तासाने विचारीत होती, "मिकी झोपला असेल का?"

हे डिस्नेलँड म्हणजे काय, ते वाचकांना थोडक्यात सांगतो. वॉल्ट डिस्ने हा व्यंगपटवाला. मिकी उंदीर त्याने १९२८ साली पडद्यावर आणला. त्याला दोन मुली होत्या आणि दर शनिवारी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात फिरत्या घोड्यांवर बसवायला नेई. मुली घोड्यांवर, आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आले की, मुले आणि आईबाप यांना एकत्र मौज करता येईल असे एखादे ठिकाण का असू नये? पुढे त्याने अ‍ॅनाहाइमला संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली, एका वर्षात बांधकाम उरकले आणि १७ जुलै १९५५ रोजी दरवाजे उघडले. पहिल्या दिवशी फजितीच झाली म्हणे. खोट्या तिकिटांवर माणसे आत घुसली. उन्हाने ताजे डांबर इतके मऊ पडले की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळ-कारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करावेत की संडास, अशी निवड करायची पाळी आली. डिस्नेने संडास पुरे केले. ही हकीगत मला फार आवडली. मुलाबाळांना घेऊन गावोगाव हिंडलेला मनुष्यच हा निर्णय घेऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडण्याआधी पाऊण तास आम्ही रांगेत हजर होतो. आत शिरल्यावर प्रथम एक जुन्या वळणाचा अमेरिकन बाजाररस्ता लागतो. तिथल्या नाटकघराच्या दिवाणखान्यात ग्रिफिथ पार्कातला एक बाक आणून ठेवला आहे. साधा हिरवा बाक. आपल्या एखाद्या नगरपालिकेच्या बागेत शोभावा असा. चिरंजीवांनी तो आम्हांला आवर्जून दाखवला आणि ती हकीगत पुन्हा सांगितली. मी म्हणालो, "बापानं दर शनिवारी मुलींना बागेत नेलं, यात एवढं विशेष काय? आणि एवढ्यासाठी आठ आठ हजार रुपये!"

सौभाग्यवती माझ्या अगदी जवळ येऊन, फक्त मलाच ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका. मार्व्याची बोट आठवते ना?"

आठवते. न आठवून काय करतो!

मी तारखात्यातला माणूस. आधी रत्नागिरीला आणि मग मुंबईला, चाकरीची सारी वर्षे लोकांच्या जन्ममरणाच्या बातम्या इकडून तिकडे धाडण्यात गेली. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा आमचे चिरंजीव आठ वर्षांचे होते. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागली की हातातला घास हातातच राहायचा. मी कबूल केले, दिवाळीच्या सुट्टीत नेतो. पण दिवाळीत आमच्याकडे शुभेच्छांच्या तारांचा पाऊस. रजा कोण देणार? मग म्हटले, मे महिन्यात. मे महिन्यात लग्नसराईच्या तारा! मुलांच्या सुट्ट्या आणि आमची गर्दी यांचा मुहूर्त नेहमी एकच. शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. मालाडहून बसने मार्व्याच्या धक्क्यावर गेलो. खाडीपलीकडे न्यायला बोट होती, आणि बोटीपुढे भली मोठी रांग. मी घड्याळ पाहिले, पुन्हा पाहिले. दुपारच्या पाळीला हजर व्हायचे होते. पोराला धक्क्याजवळ बटाटावडा खाऊ घातला आणि म्हणालो, "पुढच्या रविवारी नक्की." तो काही बोलला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून बाहेर पाहत होता. तो पुढचा रविवार मग कधीच आला नाही. शाळा, शिकवण्या, इंजिनिअरिंग, आणि मग विमान. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. मीही काढला नाही; आणि मला वाटत होते की तो ते विसरला असेल.

नाटकघरातून बाहेर आल्यावर चिरंजीवांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर दिवसभराचा तक्ता होता. रेल्वेचे वेळापत्रक आखणाऱ्यानेही हेवा करावा असा. कोणत्या पाळण्याला गर्दी केव्हा कमी, कुठे उंचीची अट आहे, कुठे नाही, नातीने केव्हा खायचे, केव्हा झोपायचे. सर्वांत खाली, संध्याकाळच्या रकान्यात, तांबड्या शाईने : डोंगरातली गाडी.

पहिला क्रमांक एका बेडकाच्या मोटारीचा होता. केनेथ ग्रॅहम या इंग्रज लेखकाच्या १९०८ सालच्या बालकथेतला हा बेडूक. मोटारींचा वेडा. लहानशा मोटारीत बसून त्याच्यासारखे भरधाव हिंडायचे. उंचीची अट नाही, म्हणून यादीत पहिला. आता माझ्यासारख्याला वाटणार, मुलांचा खेळ आहे, शेवटी बेडकाला घरी नेऊन खीर देत असतील. छे! काळोखात मोटार चालते, भिंती फोडते, न्यायाधीशापुढे जाते. मग समोरून आगगाडीचा दिवा येतो, टक्कर होते, आणि आपण सरळ नरकात! तांबडा उजेड, उकाडा, आणि शिंगे असलेली बारकी भुते आपल्याकडे पाहून हसताहेत. पहिल्या दिवसापासून हा नरक तिथे आहे आणि साठ वर्षे अमेरिकन बालके हौसेने त्यात जाऊन येत आहेत. आमचे बालक मात्र बाहेर आले ते बापाच्या मानेला मिठी मारून, डोळे गच्च मिटून आणि सूर टिपेला लावून.

झाले! त्यानंतर ज्या ज्या दारातून आत काळोख दिसे, तिथे नात पाय रोवून उभी राही. पीटर पॅन नको, पिनोकिओ नको. हत्तीचा उडता पाळणा उघड्यावर होता, तर त्याच्या रांगेत उभे राहिल्यावर तिला एकाएकी आठवले, "तो पण तिकडं नेईल." कागदावरचा एकेक रकाना तसाच मागे पडू लागला. चिरंजीव आधी लाडाने समजावीत होते, मग हिशेबाने, आणि अकरा वाजता त्यांचा आवाज चढला.

"अगं, एवढ्या लांब कशासाठी आलो आपण? तुझ्यासाठीच ना?"

पोरगी रडायची थांबली आणि बापाकडे नुसती बघत राहिली. सूनबाईंनी तिला उचलून घेतली. चिरंजीव बाकावर बसले. हातातल्या कागदाची घडी घालीत होते, उलगडीत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हणायला पुष्कळ होते : मी सांगितले नव्हते का, सात वर्षांची होऊ दे म्हणून! पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि शब्द घशातच राहिले. सदतीस वर्षांचा, दोन्ही कानांपाशी पिकू लागलेला माणूस मला मालाडच्या बसच्या खिडकीशी बसलेला दिसला.

तोडगा आजीने काढला. "अरे, इथं झुकझुकगाडी आहे ना? तिच्यात बसू. बसून तरी होईल."

आगगाडी खरी वाफेची आहे. सबंध बागेला वळसा घालते आणि हव्या त्या स्थानकावर उतरता येते. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटी, हिचे तीन फुटी. नात आजीच्या मांडीवर बसली, शिटी वाजली, आणि तिच्या तोंडावर त्या दिवसातले पहिले हसू आले. संबंध फेरी पुरी केली. शेवटच्या टप्प्यात एक बोगदा लागतो आणि त्यात अजस्र डायनॉसॉर हलत-डुलत उभे असतात. न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेली ही जनावरे १९६६ साली इथे आणून बसवली. आजीने झटकन पदर तिच्या डोक्यावरून ओढला. थोड्या वेळाने पदराचे टोक वर झाले आणि एक डोळा बाहेर आला.

"आजी, हे खोटे आहेत?"

"खोटे."

"त्यांना माहीत आहे का, आपण खोटे आहोत ते?"

आजीला काही उत्तर सुचले नाही. मलाही अजून सुचलेले नाही.

दुसऱ्या फेरीत न्यू ऑर्लिन्स चौकाच्या स्थानकावर उतरावे लागले, कारण नातीला 'शू' लागली होती. बायका तिला घेऊन गेल्या. मी फलाटावर उभा होतो आणि एकदम अंगावर काटा आला. कुठून तरी आवाज येत होता : कट्ट-कडकट्ट, कट्ट-कट्ट. आमच्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मॉर्सचा साउंडर तर त्याच्याही कितीतरी आधी माझ्या कानांआड झाला होता. आणि इथे, पृथ्वीच्या पाठीवर नेमक्या पलीकडे, एका खोट्या तारघरात तो वाजत होता! मी कान देऊन ऐकू लागलो. काही अक्षरे ओळखीची, काही अगदी परकी. अमेरिकेच्या जुन्या रेल्वेचा संकेत वेगळा. कितीतरी अक्षरे आपल्याहून निराळी. मी हवेत बोट आपटून जुळवाजुळव करीत होतो. चिरंजीव शेजारी येऊन उभे राहिले.

"काय म्हणतोय, बाबा?"

"निम्मं कळतंय. कुणाचं तरी स्वागत करतोय."

त्याने आपल्या फोनमध्ये पाहिले. उद्घाटनाच्या दिवशी डिस्नेने केलेल्या भाषणाचा आरंभ तिथे सतत वाजत असतो म्हणे. या आनंदी ठिकाणी येणाऱ्या सर्वांचे स्वागत, अशा अर्थाचा. "म्हणजे बरोबर ओळखलंत की!" तो म्हणाला. त्या दिवसात तो पहिल्यांदाच कागदाकडे न पाहता बोलत होता. मग नात आली. मी फलाटाच्या कठड्यावर तिचे नाव वाजवून दाखवले. तिने ते चार वेळा वाजवून घेतले, मग स्वतः वाजवले. ते साफ चुकीचे होते. माझ्या हाताखालच्या उमेदवारांना मी यापेक्षा कमी चुकीसाठी झापले असेल.

दुपारभर मग आम्ही तिच्या मागे मागे हिंडलो. फिरत्या घोड्यांवर ती सहा वेळा बसली. घोडा प्रत्येक वेळी तोच हवा. बदकांना पाहण्यात पाऊण तास गेला. तक्ता चिरंजीवांच्या खिशात होता, पण बाहेर निघाला नाही.

संध्याकाळी मात्र आम्ही त्या डोंगरापाशी आलोच. तांबूस खडकांचा डोंगर, जुन्या खाणीतून सुटलेली आगगाडी, आणि खडकांआडून माणसांच्या किंकाळ्या. १९७९ सालापासून ही गाडी अशीच सुटलेली आहे. प्रवेशद्वारापाशी उंची मोजायची फूटपट्टी होती. नात आपण होऊन तिच्याखाली जाऊन उभी राहिली, मान ताठ, टाचा टेकलेल्या. तिथल्या तरुणाने वाकून पाहिले आणि अंगठा वर केला. चाळीस भरले होते! पोरगी टाळ्या पिटीत बापाकडे धावत आली.

"बाबा, मी मोठी झाले!"

"झालीस ना? मग चल, बसू या."

"नाही. मोठी झाले, तर आता मी नाही म्हणू शकते."

चिरंजीव तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग खो खो हसले. अर्ध्या तासाने पोरगी बाबागाडीत गाढ झोपली होती. सूनबाई म्हणाल्या, "मी आणि आई इथं बसतो. तुम्ही दोघं जाऊन या."

मी चाचरलो. पासष्टी ओलांडलेली, आणि समोर पाटी : हृदयविकार, मानेचे-पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी बसू नये. "रक्तदाबाची गोळी घेतलीत ना?" एवढे विचारून सौभाग्यवतींनी माझी पिशवी काढून घेतली.

रांग चाळीस मिनिटांची होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो समोर पाहतच म्हणाला, "मार्व्याला रांगेत आपल्या पुढं किती माणसं होती, आठवतं?"

मला घाम फुटला. "नाही रे."

"मी मोजली होती. एकशे बारा. दुसऱ्या बोटीत आपला नंबर लागला असता."

"लागला असता." मी म्हणालो. आणि अठ्ठावीस वर्षे जे कोणाला सांगितले नव्हते ते तोंडून बाहेर पडले. "त्या दिवशी माझी पाळी नव्हतीच. ओव्हरटाइम होता. मी मागून घेतला होता."

"ठाऊक आहे. आईनं तेव्हाच सांगितलं होतं."

ते जास्तीचे पैसे कशात खर्च झाले हे आठवायचा मी तिथे उभ्या उभ्या खूप प्रयत्न केला. आठवेना. आजही आठवत नाही.

"पुढं व्हा बाबा, रांग सरकली," तो म्हणाला.

गाडीत एका बाकावर आम्ही दोघे बसलो. लोखंडी दांडा मांडीवर आला. मी टोपी काढली, तर त्याने ती माझ्या हातातून घेऊन आपल्या जाकिटाच्या खिशात कोंबली. पुढची तीन-साडेतीन मिनिटे मी काय केले ते मला नीट सांगता येणार नाही. काळोखातून वर, वटवाघळांच्या खालून, आणि मग एकदम खाली, वळणावर वळण. मी ओरडत होतो एवढे खरे. मराठीत ओरडत होतो, आणि शेजारी माझा मुलगा हसत हसत माझा दंड घट्ट धरून होता. खाली आलो तेव्हा पाय लटपटत होते. तो म्हणाला, "पुन्हा?" मी म्हणालो, "पुढच्या रविवारी नक्की," आणि बोलल्यावर माझे मलाच कसेसे झाले. पण तो इतका हसला की पुढच्या माणसांनी वळून पाहिले.

गेल्या दिवाळीत मंडळी मुंबईस आली होती. नात आता माझ्या खांद्याला लागते. एका रात्री फराळ करता करता कोणी तरी डिस्नेलँडचा विषय काढला. तिला बेडूक आठवत नाही, नरक आठवत नाही. घोडा नाही, तारघर नाही, बदके तर नाहीतच. पण चकली मोडीत ती शेजारच्या मुलांना अगदी खात्रीने सांगू लागली, "आम्ही त्या डोंगरातल्या गाडीत बसलो होतो. आजोबा मधे, मी इकडं, बाबा तिकडं. आजोबा केवढ्यानं ओरडले! आणि त्यांची टोपी उडून गेली."

तिचे वडील काही सांगायला तोंड उघडणार, इतक्यात मी त्याच्या पुढ्यात लाडवांचे ताट सरकवले आणि नातीला विचारले, "टोपीचा रंग कोणता होता गं?"

"तपकिरी," ती म्हणाली.

टोपी करड्या रंगाची होती. अजून माझ्या कपाटात आहे.